राहिलेलं लेबल

माझ्या दुकानात कटिंगच्या टेबलाखाली बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात लेबलं आहेत. लाल पट्टी आणि तिच्यावर पिवळ्या धाग्यात विणलेलं 'सुरेखा लेडीज टेलर्स, शिरूर कासार'. सुरेखा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. दुकानाला तिचं नाव दिलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझं नाव अख्ख्या तालुक्याच्या मानंवर चिकटवायला निघालात व्हय?" तसंच झालं. लग्नाचा ब्लाउज असो, शाळेचा गणवेश असो, मी लेबल लावत आलो. एका म्हातारीच्या चोळीलाही लावलं, तर ती दुसऱ्या दिवशी भांडायला आली, की मेल्या, तुझं लेबल टोचतंय. एवढ्या वर्षांत एकाच कपड्याला मी लेबल लावलं नाही, आणि ते मुद्दाम लावलं नाही.

या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. लिहितो. पण गमती लवकर संपतील, हे आधीच सांगून ठेवतो.

लोकांना वाटतं टेलर म्हणजे मशीन मारणारा. अहो, मशीन कोणीही मारतं. खरं काम टेप हातात घेतल्यापासून सुरू होतं, कारण माप देताना माणूस हमखास खोटं बोलतो. बायका श्वास ओढून पोट आत घेतात आणि मग ब्लाउज घट्ट झाला म्हणून माझ्याच नावानं बोंब मारतात. गडी त्याच्या उलट, छाती फुगवतात. सुरुवातीला मी गड्यांचेही कपडे शिवायचो. एक उमेदवार निकालाच्या आधीच विजयाच्या मिरवणुकीचा कुर्ता टाकून गेला होता, छाती अशी काढून की टेप पुरेना. निकाल लागला, पडला बिचारा. कुर्ता न्यायला आला तेव्हा खांद्यावरून ओघळत होता. मला म्हणाला, "कापड सैल झालं बे." म्हटलं, "हो साहेब, कापडच." तेव्हापासून मी गड्यांची कामं सोडली, फक्त बायकांचे कपडे आणि शाळेचे गणवेश.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, माया. शिलाईच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात ती माया. बाईचं अंग भरलं की शिलाई उसवायची, माया सोडायची, ब्लाउज पुन्हा बसतो. बाकीचे टेलर अर्धं बोट माया ठेवतात, कंजूष लेकाचे. मी दोन बोटं ठेवतो आणि तिची कड आत मुडपून टीप मारतो. तालुक्यातला कोणताही ब्लाउज उलटा करून माझ्यापुढं टाका, माझ्या हातचा आहे की नाही हे मी मायेवरून सांगीन. हे ध्यानात राहू द्या, पुढं लागणार आहे.

दसऱ्याच्या मागंपुढं आमच्याकडं एक वेगळीच गर्दी असते. ऊसतोडीला निघालेल्या बाया नवऱ्याचे जुने फुल बाह्यांचे शर्ट घेऊन येतात. उसाचं पाचट हात कापतं, म्हणून फडात त्या साडीवर शर्ट घालतात. मी बाह्या त्यांच्या मनगटापर्यंत आखूड करतो, कॉलर काढतो, बगलेत जोड देतो. खाली लुगडं, वर नवऱ्याचा चौकड्याचा शर्ट, डोक्याला फडकं. त्या वेशात ट्रॅक्टरवर बसून शेकडो बाया शिरूरमधून जातात आणि कुणी मान वळवूनही बघत नाही.

लॉकडाऊन उठून वर्ष दीड वर्ष झालं असेल. तोडीच्या गाड्या जाऊन महिना झाला होता. दुपारी शीतल दुकानात आली. बीडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, रोज एसटीनं जायची. आईबाप तोडीला, म्हणून ती चुलत्याच्या घरी राहायची. चुलता म्हणजे ज्ञानोबा तात्या. शाळेच्या समितीवर, सोसायटीवर, जिथं खुर्ची तिथं तात्या. आमच्याकडं दरवर्षी येणारं गणवेशाचं काम तात्यांच्याच शब्दावर यायचं.

शीतलनं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. "काका, असा फ्रॉक शिवता येईल का?"

मी बघितलं आणि चष्मा पुसला. रस्त्यावर पोरी उभ्या होत्या. एकीच्या अंगात बाहुलीसारखा घेरदार झालरींचा फ्रॉक. दुसरीच्या केसांत किती क्लिपा असतील, कपाळ दिसत नव्हतं. तिसरीचं सगळं काळं, फाटकं आणि साखळ्या लावलेलं.

"नाटक हाय का गं हे?"

"न्हाई ओ काका. जपानात टोकियोला हाराजुकू म्हणून भाग हाय. तिथली पोरंपोरी अशी नटून रस्त्यावर येतेत. कुणी झालरीवाले, कुणी क्लिपावाले. ज्याचा त्याचा गट. ही बघा, ही पोरगी आठवडाभर शाळेचा गणवेश घालती. अन रविवारी स्वतःला वाटंल ते."

"अन काय करतेत तिथं येऊन?"

"काईच न्हाई. उभी राहतेत." तिचे डोळे चमकत होते. "मी हाय, बघा, एवढंच."

मी आयुष्यभर गणवेश शिवले. ते घालून कंटाळलेल्या पोरीला रविवारी काय घालावंसं वाटेल, हा विचार माझ्या डोक्यात कधी शिरला नव्हता. तरी मी म्हणालो, "लोक हसतेत गं."

तिनं पिशवीतून दोन कपडे काढले. एक आईची पोपटी साडी, विरलेली. दुसरा आईचा तोडीचा शर्ट, निळ्या चौकड्यांचा, मीच कधीतरी बाह्या कापून दिलेला. म्हणाली, "माझी आई हा शर्ट साडीवर घालती, त्याला कुणी हसतंय का? मग मला कावून हसतेत?"

मी टेप काढला.

खरं सांगतो, तो फ्रॉक शिवताना मला जी मजा आली ती मला आधी कधी आली नव्हती आणि नंतरही नाही. आईच्या शर्टाचा वरचा भाग केला, छातीवर चौकडे बरोब्बर जुळवले. खाली साडीच्या तीन झालरी, एकीवर एक. घेर उभा राहीना, म्हणून आत कॅनकॅन लावलं, म्हणजे नवरीच्या घागऱ्याला फुगवणारी कडक जाळी. माझ्या बरणीतली सुटी बटणं निवडून प्रत्येक बटण वेगळं लावलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "येडे झालात का या वयात?" मी म्हणालो, "गप बस, मला मोजू दे." चुण्यांची गणितं चुकायची, पुन्हा उसवायचो. तीन झालरी एका ओळीत बसल्या तेव्हा मी एकटाच टाळी वाजवली.

ट्रायलला ती पडद्यामागून बाहेर आली आणि मी तोंडात धरलेल्या टाचण्या हातात घेतल्या. ती आरशासमोर गोल फिरली. झालरी फिरल्या, थांबल्या, पुन्हा उलट्या फिरल्या. एरवी ही पोरगी खांदे पाडून चालायची. आरशात तिनं खांदे सरळ केले आणि मान वर केली, कुणी न सांगता. मग मानेमागं हात नेऊन म्हणाली, "काका, लेबल?"

"राहिलं गं," मी म्हणालो. "नंतर लावतो."

डबा माझ्या पायाशीच होता, भरलेला. पण ती फिरत होती तेवढ्यात माझ्या डोक्यात एकच आलं, की हे तात्यानं बघितलं तर? नाव असलं तर? हाताला मजा आली आणि नावाला भीती वाटली. ती फ्रॉक घडी करून घेऊन गेली.

त्या रविवारी बीडला एसटी स्टँडसमोर, रसवंतीपाशी, ती आणि तिची मैत्रीण उभ्या राहिल्या. केसांत जत्रेतल्या रंगीत क्लिपा, पायात पांढरे मोजे. काही केलं नाही, उभ्याच राहिल्या. पण आपल्याकडं नुसतं उभं राहिलेलं माणूसही लोकांना सहन होत नाही. कुणीतरी व्हिडिओ काढला. त्यात शिट्ट्या, हसणं, "ए बाहुली, किल्ली कुठं हाय गं तुझी?" संध्याकाळपर्यंत तो तात्यांच्या मोबाइलवर आला.

सोमवारी सकाळी दुकान उघडून मी अगरबत्ती लावत होतो. तात्या आले. मागं शीतल, डोळे सुजलेले. तात्यांच्या हातात तो फ्रॉक, चुरगळलेला. त्यांनी तो टेबलावर टाकला, गळा उलटा केला आणि मानेमागची जागा चाचपली.

"मधुकरराव, तुमच्याकडचं न्हाई ना हे? तुमचं लेबल न्हाई."

त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं, की माझंच आहे. दोन शब्द. गणवेशाचे गठ्ठे भिंतीला लावलेले होते, तिकडं माझी नजर गेली.

"न्हाई तात्या," मी म्हणालो. "माझं असतं तर लेबल असतं की."

तात्या शीतलकडं वळले. "मग कुणी शिवलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाली, "मी. मैत्रिणीच्या मशीनवर."

"तू?" तात्यांचा विश्वास बसेना. ते मला म्हणाले, "मधुकरराव, तुमाला कळतं. हे पोरीच्या हातचं काम हाय का, तुमी सांगा."

मी फ्रॉक उलटा केला. आत माझी माया, दोन बोटं, कड मुडपलेली. दुनियेत दुसरं कुणी अशी ठेवत नाही. माझी स्वतःची सही मी माझ्या हातात धरली होती. आणि मी, तालुक्यातला नावाजलेला टेलर, म्हणालो, "हो, नवख्या हाताचं दिसतंय. पण बरं शिवलंय पोरीनं."

बरं शिवलंय! ते नसतं म्हणालो तरी चाललं असतं. पण लेकाची हौस बघा, नाव नाकारून वर शाबासकी पाहिजे होती. त्याच शाबासकीनं घात केला. तात्यांचा चेहरा सैलावला.

"एवढं येतंय तर कॉलेजला कावून जायचं?" ते म्हणाले. "तिथं जाऊनच हे असले धंदे सुचायलेत. उद्यापासून मधुकररावांकडं बसायचं. हातात कला हाय, घरबसल्या कामाला येईल."

शीतल म्हणाली, "तात्या, परीक्षा हाय माझी."

"परीक्षा कुठं पळून चालली?" तात्या म्हणाले. मग मला म्हणाले, "अन हे उसवून टाका. कापड चांगलं हाय, वाया जायला नको. पोरीसमोर उसवा, म्हंजी ध्यानात राहील."

ते समोरच्या बाकड्यावर बसले. मी ब्लेड घेतलं. उसवताना कापड कुणीतरी ताणून धरावं लागतं, नाहीतर फाटतं. शीतलनं न सांगता दुसरं टोक धरलं. एक झालर, दुसरी, तिसरी. मी टीप कापायचो, ती दोरे ओढायची. मुडपलेली कड आली तिथं ब्लेड अडायला लागलं, कारण मी ती घट्ट मारली होती, टिकावी म्हणून. तास गेला. मला आजही वाटतं, तिनं एकदा तरी 'काका' म्हणून हाक मारली असती तर मी बोललो असतो. पण हे मनाला समजावणं झालं. ती कावून बोलेल? बोलायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती येऊ लागली. तिला मशीनवर बसताही येत नव्हतं. पायमशीनचं चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा. तात्या रस्त्यानं जाताना आत डोकवायचे. "एवढा फ्रॉक शिवला, अन साधी टीप कशी वाकडी?" मी म्हणायचो, "हे मशीन जड हाय तात्या." एका खोट्यासाठी मी रोज नवं खोटं बोलत होतो आणि ती गुमान वाकड्या टिपा सरळ करत होती. शिकली. झपाट्यानं शिकली. माझी दोन बोटांची मायासुद्धा उचलली. एकदा मी हळूच म्हणालो, "चुकलं माझं." ती मशीन न थांबवता म्हणाली, "काका, काज कुठून सुरू करू?" मग मीही काजाचं सांगितलं. परीक्षा आली आणि गेली. बीडच्या एसटीत ती पुन्हा बसली नाही.

उन्हाळ्यात गाड्या परत आल्या. शीतलची आई, कौशल्यावहिनी, एक दिवस दुकानात आल्या. हाताला पाचटाचे वण. शीतल त्या दिवशी काज-बटणाचं सामान आणायला गेली होती. वहिनी बाकड्यावर टेकल्या.

"टेलरभाऊ, माझा तोडीचा शर्ट हिनं फ्रॉकाला लावला म्हणतेत."

"हो वहिनी. उसवलेलं कापड पिशवीत ठेवलंय. जोडून देऊ का?"

"जोडून काय करू? राहू द्या." त्या थोडा वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या टोळीतल्या पोरानं मोबाइलवर दावलं होतं. लई बारीक दिसत होतं, अन लोक हसायले होते. मला माझी पोरगी धड दिसलीच न्हाई. तुमी बघितली असंल तर सांगा ना, कशी दिसत होती वो?"

बघा, तात्यासमोर मी भ्यालो, हे एक वेळ कुणी समजून घेईल. पोटापुढं माणूस वाकतो. पण ही बाई मला काय करणार होती? तिच्या हातात ना गणवेश, ना समिती. सहा महिने उसात राहून आलेल्या आईनं एवढंच विचारलं होतं, की माझी पोरगी कशी दिसत होती. आणि ते सांगू शकणारा जगात मी एकटा होतो, कारण स्टँडवरचे तर हसण्यात गुंतले होते. पण 'बघितली' म्हणालो असतो, तर 'कुठं बघितली' हेही सांगावं लागलं असतं.

"मला काय माहीत वहिनी," मी म्हणालो. "मी कुठं बघितली?"

"हां, ते बी खरं," म्हणून त्या उठून गेल्या.

पुढं शीतलचं लग्न झालं. आता तेलगावला असते, घरीच ब्लाउज, फॉल-पिको करते. सासरचे बरे आहेत. कॉलेज राहिलं ते राहिलंच. मी अजून दुकानात बसतो, पण डोळे साथ देत नाहीत, म्हणून नवी कामं घेत नाही. गणवेशाचं काम दोन वर्षांत दुसऱ्या कुणाकडं गेलं, तात्यांनी साधं सांगितलंसुद्धा नाही. ज्याच्यासाठी एवढं केलं ते असं गेलं. बरं झालं, म्हणायचीही माझी लायकी नाही.

संपादकांना मी म्हणालो होतो, ही गोष्ट लिहायची तर नाव नका टाकू, खाली नुसतं 'एक टेलर' छापा. ते हो म्हणाले. कागद लिहून झाले आणि मला झोंबलं, अरे, हे तर पुन्हा तेच झालं! मग तेलगावला फोन लावला. तिकडं मशीन चालल्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, आईला काय खोटं बोललो तेही. म्हणालो, "तुझं नाव बदलतो."

मशीन थांबलं. "कावून बदलता?" ती म्हणाली. "मी तवा बी तोंड झाकून उभी न्हवते."

"अन माझं?"

तिकडून कात्रीनं दोरा कापल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काका, 'नंतर लावतो' म्हणला होता तुमी. लावा आता." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

तर तात्या, तुम्हीही हा अंक वाचाल, तुमच्याकडं दरवर्षी येतो. पोपटी साडीचा आणि निळ्या चौकड्यांच्या शर्टाचा तो फ्रॉक मी शिवला होता, सुरेखा लेडीज टेलर्स, शिरूर कासार, मधुकर टेलर यानं. माया दोन बोटं होती, तुम्हाला दाखवली तीच.

आणि कौशल्यावहिनी, तुम्हाला वाचता येत नाही, शीतल वाचून दाखवील. मी तिला बघितली होती. माझ्याच आरशात, माझ्या डोळ्यांसमोर ती गोल फिरली होती. तुमचा शर्ट तिच्या अंगात नीट बसला होता. खांदे सरळ होते, मान वर होती. लई चांगली दिसत होती वहिनी. लई चांगली दिसत होती.